पश्चात्ताप करणारे पिशाच्च

व्हॅम्पायर म्हणजेच रक्तपिपासू पिशाच्च; या पात्राला सदसद्विवेकबुद्धी अलीकडच्या चित्रकथांनी (कॉमिक्सनी) दिली, असे एक मत आहे, ते मला पटत नाही. लंडनमध्ये १८४५ ते १८४७ या काळात स्वस्त सचित्र भागांतून प्रसिद्ध झालेल्या ‘व्हार्नी द व्हॅम्पायर’चा नायक स्वतःच्या तृष्णेला इतका विटतो की, अखेर तो व्हेसुव्हियस ज्वालामुखीत उडी घेतो. पुढे अमेरिकेत कॉमिक्सच्या १९५४ च्या आचारसंहितेने व्हॅम्पायर वर्ज्यच ठरवले आणि ते बंधन १९७१ मध्ये सैल झाले. त्यामुळे नंतर आलेले विवेकी व्हॅम्पायर अनेकांना नवे वाटले असावेत.

मला मात्र त्यांचे नवल वाटले नाही. कोल्हापुरात, जिथे शिवाजी पेठेतील एका तालमीच्या नावातच वेताळ आहे, तिथे वाढलेल्याला भूत म्हणजे निव्वळ दुष्ट असे सहसा वाटत नाही. शिवाय विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ तर न्याय-अन्यायाचेच प्रश्न विचारतो.