दाढ काढल्यावर मुलाची पहिली रात्र कशी सांभाळायची?

सायली_नाशिकरोड

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, वजन १८ किलो. आज संध्याकाळी पाचला त्याची खालची डावीकडची शेवटची दुधाची दाढ काढली. मुळाशी पू झाला होता, ठेवण्यासारखी राहिली नाही म्हणाले. त्याच बाजूला वरच्या दाढेवर स्टीलची कॅप बसवली. खुर्चीत अगदी शहाण्यासारखा बसला. पण घरी आल्यापासून सारखा गाल ओढतोय, ओठ दातात धरून बघतोय आणि हसतोय. कागदावर पॅरासिटामॉल सिरप 'दुखल्यास' एवढंच लिहिलंय. घरी २५० ची बाटली आहे, जाऊबाईंनी १२० ची आणून दिली. कुठली, किती? सासूबाई लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवू म्हणताहेत. भूक लागलीय म्हणून रडायला लागलाय. आत्ता साडेसहा वाजलेत, कुणी सांगेल का?

आरोहीची_आई

सायली, आधी त्याचा ओठ सोडव! माझ्या लेकीने असाच चावला होता. दुसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजला आणि आतून पिवळट पांढरा थर आला. आमच्याकडे सगळ्यांना वाटलं पू झाला. डॉक्टरांना फोटो पाठवला, तर म्हणाल्या जखम भरतानाचा थर आहे, खरवडू नका. आठवड्याभरात गेला.

कृष्णाकाठ

सायलीताई, मी मिरजेत लहान मुलांचे दात बघते. आरोहीच्या आईने बरोबर सांगितलं. दाढ काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी मला येणाऱ्या फोनमध्ये दाढेपेक्षा ओठाची तक्रार जास्त असते. खालच्या दाढेला दिलेल्या भुलीने अर्धा ओठ, गाल आणि बरेचदा जिभेची ती बाजू बधिर होते, आणि हे तीन-चार तास टिकतं. मूल दुखतं म्हणून चावत नाही. आपलाच ओठ परका लागतो, त्याची गंमत वाटते, म्हणून चावून बघतं. 'चावू नकोस' म्हटलं की आणखी लक्ष तिकडेच जातं. मी मुलांना सांगते, ओठाला झोप लागलीय, त्याला उठवायचं नाही. आरशासमोर नेऊन दाखवा, मग समोर बसवून गोष्ट सांगा, पत्ते खेळा. टीव्हीसमोर एकटं सोडू नका, कारण तिथेच नकळत चावलं जातं. भूल उतरायच्या आत झोपला तर जवळ कुणीतरी बसा.

भूक लागलीय तर उपाशी ठेवू नका, पण चावायचं काही आत्ता नको. गार दूध किंवा पातळ ताक पेल्याने द्या, स्ट्रॉने नाही. ओढून प्यायलं की दाढेच्या जागी धरलेली रक्ताची गुठळी सुटू शकते, आणि तीच गुठळी जखमेचं झाकण आहे. आठ-नऊच्या सुमारास ओठाला मुंग्या येतील, मग गार दहीभात, कुस्करलेलं केळं, गार केलेलं नाचणीचं सत्त्व, साधं आइस्क्रीम, यातलं जे आवडेल ते. गरम वरण, तिखट, चिवडा, शेंगदाणे आज नको. राजगिऱ्याचा लाडू आया हमखास देतात, मऊ आहे म्हणून. त्याचे बारीक कण खड्ड्यात जाऊन बसतात. तीळसुद्धा तसेच.

आता औषध. बाटलीवरचा आकडा बघायची सवय फार चांगली, कारण घोटाळा तिथेच होतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरतात. १८ किलोला म्हणजे १८० ते २७०. २५० ची बाटली म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, त्यातलं ५ मिलिलिटर त्याला पुरे. १२० च्या बाटलीतून तेवढ्याच कामाला १० मिलिलिटर लागेल. दोन्हींपैकी एकच बाटली समोर ठेवा, दुसरी कपाटात. बाटलीबरोबरच्या मापाने मोजा, घरातल्या चमच्याने नाही. दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा काही त्रास असेल किंवा तापा-सर्दीचं दुसरं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा, कारण सर्दीच्या पुष्कळ सिरपांत पॅरासिटामॉल असतंच.

पहिला डोस भूल उतरायच्या आधी, म्हणजे साडेसातच्या सुमारास द्या. 'दुखल्यास' लिहिलंय म्हणून रडायची वाट बघू नका. एकदा ठणका चढला की औषध चढेपर्यंत अर्धा-पाऊण तास मूल कळवळतं, आणि तो त्रास टाळता येण्यासारखा आहे. घरात मोठ्यांच्या गोळ्या असतील त्यांना हात लावू नका. ॲस्पिरिन मुलांना देत नाहीत. निमेसुलाइडला १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या बाटल्या अजून घराघरांतून निघतात.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण लवंगेचं तेल नको. ताज्या जखमेवर आणि बधिर गालाला ते भाजतं आणि मुलाला कळतही नाही, शिवाय पोटात गेलं तर लहान मुलाला घातक ठरू शकतं. हळदीची पूडही खड्ड्यात दाबू नका. त्यांना हातभार लावायचाच असेल तर गोष्ट सांगायचं काम त्यांचं. ते आजच्या रात्रीचं सर्वांत मोठं काम आहे.

सायली_नाशिकरोड

खूप आभार डॉक्टर. सासूबाई गोष्ट सांगताहेत, ओठ सुटला. थुंकीत लाल दिसतंय, सारखं थुंकायचंय म्हणतो. आणि कॅपच्या वरची हिरडी पांढरट दिसतेय, दात नीट मिटत नाहीत म्हणतो.

कृष्णाकाठ

थुंकू देऊ नका, गिळू दे. चूळही उद्यापर्यंत नको. थुंकीत थेंबभर रक्त मिसळलं तरी पेलाभर दिसतं. गुलाबी लाळ रात्रभर येऊ शकते, उशीवर जुना टॉवेल टाका आणि डोक्याखाली एक उशी जास्त द्या. लाल भडक रक्त वाहायला लागलं, तर स्वच्छ गॉझची घट्ट घडी ओली करून खड्ड्यावर ठेवा आणि वीस मिनिटं चावून धरायला लावा. मधे मधे काढून बघायचं नाही. तुम्ही समोर बसा, नाहीतर तो गॉझबरोबर गालही चावेल. तरीही थांबलं नाही तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा, संकोच करू नका.

कॅपचं म्हणाल तर तिची कड हिरडीच्या जराशी आत बसवलेली असते, म्हणून हिरडी पांढरी किंवा निळसर दिसते. उंच लागते तेही नेहमीचं, दुधाचे दात थोड्या दिवसांत जुळवून घेतात. आठवडा उलटूनही तक्रार राहिली तर दाखवा. चिक्की, च्युइंगम मात्र कॅप असेपर्यंत नको, निघून येते.

विजयदुर्ग

एक शंका. उद्या शाळेत पाठवावं का? आमच्याकडे रजा म्हटली की वर्गशिक्षिका कारण विचारतात.

कृष्णाकाठ

रात्री झोप लागली आणि सकाळी ताप नसेल तर जाऊ दे. पीटी, पोहणं, उड्या उद्या नकोत, त्याने पुन्हा रक्त सुरू होतं. डब्यात मऊ काहीतरी, आणि शिक्षिकांना चिठ्ठी. उद्या संध्याकाळपासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याची हलकी चूळ, खळखळून नाही. बाकीचे दात आज रात्रीच घासा, ती जागा सोडून. दात न घासलेल्या तोंडात जखम उशिरा भरते.

मला काळजी कशाची वाटते ते सांगते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओसरायला हवी. उलट वाढत गेली, डोळ्याकडे किंवा जबड्याखाली सरकली, ताप १०१ च्या वर गेला, तोंड उघडेना किंवा पाणीही गिळवेना, तर लगेच घेऊन जा. घरात उरलेलं अँटिबायोटिक मनाने सुरू करू नका.

आणि एक गोष्ट आताच्या गडबडीत राहून जाईल. सहाव्या वर्षी खालची शेवटची दुधाची दाढ गेली की तिथली कायमची दाढ यायला दहा-बारा वर्षांचं वय उजाडतं. मागून येणारी सहाव्या वर्षाची मोठी दाढ त्या मोकळ्या जागेत पुढे कलते आणि हिरडीतून वर येणाऱ्या त्या कायमच्या दाढेला वाट राहत नाही. पुढच्या भेटीत जागा राखायची तार, स्पेस मेंटेनर, लागेल का ते तुम्ही स्वतः विचारा. तोवर रोज 'दुखतंय का' विचारत बसू नका, आणि 'दंगा केलास तर डॉक्टरांकडे नेऊन सुई देईन' असं घरात कुणालाही म्हणू देऊ नका. आज तो खुर्चीत नीट बसला, तसाच पुढच्या वेळीही बसायला हवा.

सायली_नाशिकरोड

साडेसातला ५ मिलिलिटर दिलं होतं. नऊला दहीभात खाल्ला, आता झोपलाय. तारेचं डायरीत लिहून ठेवलंय, सोमवारी विचारते.