विंडोज १० वरचा बाबांचा जुना लॅपटॉप आणि जुन्या फाँटमधला शब्दसंग्रह: मदत हवी आहे

नमस्कार. बाबांच्या लॅपटॉपबाबत सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अडचण नुसत्या लॅपटॉपची नाही.

यंत्र २०१७ सालचं. इंटेल आय५-७२००यू, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १० होम, आवृत्ती २२एच२. सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं घेतं, पण एकदा सुरू झालं की बाबांचं काम अडत नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हापासून मला काळजी लागली आहे. विंडोज ११ बसेल का हे सांगणारं मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून पाहिलं. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आहे, सिक्युअर बूट आहे, रॅम आणि जागा पुरेशी आहे. अडतंय ते प्रोसेसरपाशी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, हा सातव्या पिढीचा.

आता खरी गोष्ट. बाबा ७६ वर्षांचे आहेत आणि गेली बरीच वर्षं शेती, सुतारकाम, विणकाम अशा कामांमधले मागे पडलेले शब्द गोळा करतात. साधारण ११ हजार नोंदी झाल्या आहेत. त्या सगळ्या एका जुन्या टंकलेखन प्रोग्रॅममध्ये, त्याच्याच फाँटमध्ये आणि त्याच्याच कीबोर्डवर टाइप केलेल्या आहेत. प्रोग्रॅमला यूएसबीचं कुलूप आहे, ते लावल्याशिवाय तो उघडत नाही. बनवणाऱ्यांकडून आता काही उत्तर येत नाही. परवा मी एक फाइल माझ्या फोनवर उघडली, तर ओळीच्या ओळी निरर्थक रोमन अक्षरं. ते पाहून पोटात गोळा आला.

मला तीन वाटा दिसतात: विंडोज ११ जबरदस्तीने बसवणं, लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम), किंवा नवा लॅपटॉप. तिन्हींत बाबांचा प्रोग्रॅम चालेल का, हे मला कळत नाही. बाबांची बोटं त्या कीबोर्डवर इतकी बसली आहेत की ते खाली न बघता लिहितात, ते मोडायला नको. काय करू?

प्रतिसाद

आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. पाच-सहा मिनिटांचं कारण ती फिरती डिस्क आहे, विंडोज नव्हे. या पिढीच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा अडीच इंची साटा एसएसडी तशीच्या तशी बसते. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून घेतलं की प्रोग्रॅम, फाँट, सगळं जागच्या जागी राहतं. त्याआधी सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणारी सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ती डिस्क उघडायचा लांब क्रमांक, कागदावर लिहून ठेवा आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. जुनी डिस्क पुसू नका, तारीख लिहून कपाटात ठेवा.

प्रतिसाद

ताई, तुम्ही तीन वाटा मांडल्यात, पण माझ्या मते तुमचा प्रश्न त्यांच्या अलीकडचा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम आज ना उद्या बदलावी लागणारच. तुमच्या ११ हजार नोंदी मात्र एका फाँटच्या आणि एका कुलपाच्या भरवशावर आहेत. ते कुलूप बिघडलं तर विंडोज १० असूनही उपयोग नाही.

फोनवर निरर्थक अक्षरं का दिसली ते सांगतो. त्या फाइलमध्ये 'क' साठवलेलाच नाही. तिथे रोमन अक्षराचा क्रमांक आहे आणि फाँट त्या जागी 'क' चं चित्र काढतो. फाँट नसला की खालचं रोमन अक्षर उघडं पडतं. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे तो कुठल्याही यंत्रावर 'क' च राहतो. तेव्हा आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा. यंत्राचं त्यानंतर बघू.

त्यासाठी वेळ मिळतो. वैयक्तिक संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने विस्तारित सुरक्षा अपडेट्सची सोय ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आवृत्ती २२एच२ लागते, ती तुमच्याकडे आहेच. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करावं लागतं.

पण सगळ्यात आधी, म्हणजे शक्यतो आजच, कुलूप चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फाँट आत बसवला जातोय ना, हे एखादी पीडीएफ फोनवर उघडून तपासा. पुढे रूपांतरात काही बिघडलं तर मूळ शब्द कसा दिसत होता याचा हा पुरावा. त्यानंतर फाँटचं नेमकं नाव टिपा. एकाच घराण्यातल्या दोन फाँटांची क्रमवारीसुद्धा वेगळी असू शकते, त्यामुळे रूपांतर करणारं साधन त्याच फाँटचं हवं.

प्रतिसाद

विंडोज ११ जबरदस्तीने बसवण्याबद्दल: रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) एक नोंद करून तुमच्या यंत्रावर ते बसेल, चालेलही. मात्र अशा यंत्रांना अपडेट्स मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय चालू असेल तर जुने ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) अडवले जाऊ शकतात, आणि यूएसबी कुलपाचा ड्रायव्हर नेमका तसलाच असण्याची भीती. करून पाहायचंच असेल तर क्लोन केलेल्या डिस्कवर पाहा. अपग्रेडनंतर १० दिवस मागे फिरता येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पीडीएफ करायला बसले आणि दोन रात्री त्यातच गेल्या, पण झाल्या एकदाच्या! फोनवर नीट दिसतात. डिव्हाइस एन्क्रिप्शन बंदच होतं. एसएसडीवर क्लोन केलं, लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. विस्तारित अपडेट्सची नोंदणीही केली.

एका फाइलचं रूपांतर करून पाहिलं. बहुतेक मजकूर बरोबर आला, पण 'शिवळ' चं 'िशवळ' झालं आणि 'कुऱ्हाड' चं 'कुर्हाड'. बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हा माझा शब्द नाही." हे हातानेच दुरुस्त करावं लागेल का?

प्रतिसाद

हाताने एकेक नको. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी आधी टाइप होते आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी साठवलं जातं, वेलांटी त्याच्यामागे. रफाराचंही असंच: दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, साठवला जातो त्याच्या आधी. चांगलं साधन ही अदलाबदल स्वतःच करतं. तुमचं करत नसेल तर दुसरं शोधा, शोध-बदलाने हे निस्तरायला जाऊ नका. जोडाक्षरं आली की गोंधळ वाढतो.

'ऱ्ह' आणि 'ऱ्य' कडे मात्र खास लक्ष द्या. अनेक साधनं फक्त हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात, त्यांना हा अर्धा र ठाऊकच नसतो. शिवाय युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता (खालचा ठिपका) असलेल्या 'ऱ' ला हलन्त (पाय मोडल्याची खूण) जोडून, किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना संगणक त्यांना वेगळे शब्द धरू शकतो. संपूर्ण संग्रहात एकच पद्धत ठेवा. मी पहिली निवडेन.

अकारविल्हे लावतानाही जपा. निव्वळ युनिकोड क्रमांकाने लावलं तर 'ळ' येतो 'ल' च्या लगेच मागे, म्हणून 'पळी' आधी आणि 'पहार' नंतर. आपल्या वर्णमालेत 'ळ' असतो 'ह' नंतर. लिब्रेऑफिसमध्ये क्रम लावताना भाषा मराठी निवडता येते, ती निवडा आणि 'ळ' चे पाच-दहा शब्द तपासून घ्या.

बाबांच्या बोटांचं: त्यांचा कीबोर्ड टंकलेखन यंत्राच्या धर्तीवरचा आहे का? असेल तर रेमिंग्टन मांडणी युनिकोडसाठीही मिळते, विंडोजवर आणि लिनक्सवर दोन्हीकडे. तीन-चार कळा इकडेतिकडे असल्या तर त्या बदलून घेता येतात.

धागाकर्ती

कीबोर्ड टंकलेखन यंत्राचाच आहे! बाबा तरुणपणी त्यावरच शिकले. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, काही न बसवता, रेमिंग्टन मांडणी लावून त्यांच्यासमोर ठेवलं. अर्धा परिच्छेद न बघता लिहिला, दोन कळांवर अडले. त्या दोन कळा टिपून ठेवल्या आहेत.

दुसरं साधन मिळालं, त्यात 'शिवळ' आणि 'कुऱ्हाड' दोन्ही बरोबर आले. आज पीडीएफ शेजारी ठेवून बाबांनी ४० नोंदी तपासल्या, तीन चुका सापडल्या, तिन्ही 'द्ध' च्या. सगळं तपासून होईपर्यंत विंडोज १० वरच राहायचं ठरवलं आहे. कुलूप मोकळ्या डबीत ठेवते, रोज काढत-घालत नाही.

'द्ध' बाबत कुणाला काही माहीत असेल तर जरूर सांगा.