अनुभव धागा: मुलांसाठीच्या सरकारी सेवा, काय पोचलं आणि काय अडलं?

1975 साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाड्या सुरू झाल्या. पुढे योजनांत भर पडत गेली. त्यांची माहिती इथे नको, प्रत्यक्षात काय घडलं ते लिहा. ऑफिसांची आणि माणसांची नावं मात्र टाळा.

एक आई: मुलीला खेळताना धाप लागायची. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीला लावला, काढला, परत लावला आणि मला बाजूला बोलावून म्हणाले, "ताई, हृदयाची इको तपासणी करून घ्या." हृदयाला छिद्र निघालं. ऑपरेशन मोफत झालं, पण त्याआधी कागदपत्रांनी जीव काढला. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, म्हणून एका ऑफिसातून सारखं परत पाठवायचे. पथकातल्या सिस्टर फोन करून विचारायच्या, "कुठवर आलं?" त्यांनी पाठपुरावा केला नसता तर आम्ही हबकून घरीच बसलो असतो. आज पोरगी पळते. ही तपासणी अंगणवाडीत वर्षातून दोनदा असते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, एवढंच कळकळीनं सांगते.

अंगणवाडी सेविका: दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की टेपवर लाल पट्टा दिसतो. ते मूल तीव्र कुपोषित, त्याला लगेच उपचार हवेत. मोजमाप आम्ही मन लावून करतो. आता घरी न्यायचा आहार देताना आईचा चेहराही ॲपवर जुळवावा लागतो. रेंज नसली की ती बाळाला कडेवर घेऊन ताटकळत उभी, तिची मजुरी बुडते. आणि कुटुंब ऊसतोडीला गेलं की पोराचं वजन कोण करणार? मला तर याचाच घोर लागतो.

शिक्षक: आठवीतल्या मुलीचं लग्न ठरल्याचं तिच्या मैत्रिणींनी सांगितलं. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला. माझं नाव कुठेही आलं नाही, लग्न थांबलं, मुलगी शाळेत येते.

बालगृहात वाढलेला: अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडायचं, एवढंच आम्हाला माहीत होतं. अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या निवासात, 21 पर्यंत राहता येतं हे एका सीनियर दादानं सांगितलं, म्हणून माझं कॉलेज टिकलं. 2018 पासून राज्यात अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते बालगृहात असतानाच हातात द्यायला हवं. बाहेर पडल्यावर जुन्या नोंदी शोधत फिरणं फार जड जातं. कुणाचा अर्ज अडकला असेल तर इथेच लिहा, माझ्या वेळी कोणते कागद लागले ते सांगतो.