सीटवरचा लाल डाग

बी-३०४: मंडळी, जरा वैयक्तिक विषय टाकतोय, सेक्रेटरी काकांनी सांभाळून घ्यावं. चंपाषष्ठीला अ‍ॅपवरून सात सीटची सेल्फ ड्राइव्ह गाडी घेतली होती. अक्कलकोट, तुळजापूर केलं आणि शेवटी बाळे गावी खंडोबाचं दर्शन घेतलं. रविवारी रात्री गाडी परत दिली. आज मंगळवारी मेसेज आला: मागचं सीट बदलणे ६,५००, पान-तंबाखूच्या डागाचा दंड २,०००, डीप क्लीनिंग १,५००. डिपॉझिटचे ५,००० ठेवूनच घेतलेत, वर आणखी ५,००० भरा म्हणतात.

ए-४०२: दहा हजार? एवढ्यात अख्खं कुटुंब तिरुपतीला जाऊन येईल की.

सी-१०१: पान कोण खातं बे तुमच्यात?

बी-३०४: कुणीच नाही. त्या सीटवर अप्पा बसले होते. माळकरी माणूस, साधी सुपारीसुद्धा नाही. मेसेज वाचल्यापासून त्यांनी चहा घेतलेला नाही. पैशापेक्षा तेच लागलंय त्यांना.

ए-१०२: भाऊजी, फोटो टाका ना.

बी-३०४: (फोटो)

ए-१०२: बाळ्याला भंडारा उधळला असेल. गाडीत सांडला होता का?

बी-३०४: पोरांच्या डोक्यावरून, कपड्यांवरून गाडीभर झाला होता वहिनी. पण तो पिवळा. घरी आल्यावर हिनं ओल्या फडक्यानं पुसला.

ए-१०२: नुसतं ओलं फडकं की साबण?

बी-३०४: विचारतो.

बी-३०४: कपड्याची वडी घासली म्हणे. अंधार होता, रंग काही दिसला नाही.

ए-१०२: मग ते पान नव्हे, हळदच आहे. हळदीला साबण लागला की लाल होते. आठवीच्या पोरांना दर वर्षी करून दाखवते मी. थांबा.

ए-१०२: (व्हिडिओ) पांढरं फडकं, त्यावर हळद. आता साबण चोळते. झालं लाल? आता वरून लिंबू पिळते. बघा, परत पिवळं.

सी-१०१: वहिनी 🙏 डायरेक्ट सीआयडी

डी-५०३: आमच्या लग्नातला हळदीचा सदरा असाच लाल झाला होता, आई मलाच ओरडली होती. दोन दिवस गच्चीवर टाकला तर डाग गेला. आपल्या सोलापूरच्या उन्हात हळद काय टिकतीय.

सी-४०१: मी स्वतः गाड्या भाड्यानं लावतो, म्हणून गाडीवाल्याच्या बाजूनंही बोलतो. अशी गाडी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला देता येत नाही. सफाईचे पैसे मी पण घेतले असते. भंडारा तुमच्याकडूनच सांडला, तेवढं कबूल करा. पण कापडी सीट डागासाठी कुणी बदलत नाही. फोम काढून, शाम्पू मारून धुतात. आणि यादी नीट वाचा की. सीट बदलायचं म्हणतात आणि तेच सीट धुवायचे पैसेही लावतात. बदलायचं तर धुता कशाला?

बी-३०४: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सी-४०१: बदललं असेल तर दुकानाचं जीएसटीचं बिल मागा आणि जुनं सीट ताब्यात मागा. पैसे तुम्ही देताय, सीट तुमचं. गप होतात बघा.

डी-२०१: वकील म्हणून थोडं. गाडी घेताना व्हिडिओ काढला होता का?

बी-३०४: हो, आतून-बाहेरून. परत देताना मात्र दोनच फोटो, तेही अंधारात. त्यांच्या माणसानं टॉर्च मारून पाहिलं आणि ओके म्हणून अ‍ॅपमध्ये ट्रिप बंद केली.

डी-२०१: उत्तम. त्यांच्या फोटोवर वेळ कुठली आहे?

बी-३०४: मंगळवार, दुपारी १:४०.

डी-२०१: म्हणजे मधे दीड दिवस गाडी त्यांच्याकडे. सगळं लेखी ईमेलनं मागा, फोनवर वाद नको. दंडाची रक्कम करारात छापली म्हणून ती आपोआप देणं लागत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, छापलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. ऐकलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांची मुदत आहे, आणि व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही.

बी-३०४: अटींमध्ये लिहिलंय की वाद फक्त बंगळुरूच्या कोर्टात.

डी-२०१: लिहू द्या. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते. आणि कार्डावरून परस्पर पैसे कापले तर लगेच बँकेत डिस्प्यूट टाका.

सेक्रेटरी काका: चर्चा उपयुक्त आहे म्हणून चालू ठेवली. पार्किंगचा विषय असता तर बंद केली असती.

बी-३०४: ईमेल केला. भंडारा आमच्याकडून सांडला, सफाईचा वाजवी खर्च देतो असं आधी लिहिलं. मग बिल आणि जुनं सीट मागितलं, वहिनींचा व्हिडिओ जोडला.

*शुक्रवार*

बी-३०४: उत्तर आलं. सीटचे ६,५०० रद्द, दंडही रद्द. सफाईचे १,५०० कापून ३,५०० परत करणार.

सी-४०१: हजारात झालं असतं, पण सोडा आता.

ए-१०२: अप्पांना सांगितलं का?

बी-३०४: सांगितलं. म्हणाले, कागदावर काय लिहिलंय ते वाच. वाचलं तर बिलावर अजून “पान डाग सफाई” असंच. परत ईमेल केला.

सी-१०१: आता शब्दासाठी भांडतोस होय बे?

बी-३०४: अप्पांनी बसवलं की समोर.

*शनिवार*

बी-३०४: (फोटो) नवीन बिल. “हळद डाग सफाई – १,५००.” अप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून ज्ञानेश्वरीत ठेवलं आणि चहा मागितला.