रेस्टिकच्या लॉगमध्ये रोज ‘स्नॅपशॉट सेव्ह्ड’, तरी रिस्टोअर करताना फोल्डर गायब

प्रश्न

आमच्या पतसंस्थेत कर्जप्रकरणांच्या स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा बॅकअप उबुंटू सर्व्हरवरून एनएएसवर (नेटवर्कवरील साठवण-यंत्रावर) रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने घेतला जातो. रोज रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून) एक स्क्रिप्ट चालते आणि तिचे आउटपुट एका लॉग फाइलमध्ये साठते. त्या फाइलमध्ये प्रत्येक रात्रीच्या शेवटी ‘स्नॅपशॉट सेव्ह्ड’ ही ओळ असते आणि तिच्याखाली स्क्रिप्टनेच लिहिलेले ‘बॅकअप पूर्ण’. मागच्या आठवड्यात एका सभासदाचे गहाणखत परत काढावे लागले, तेव्हा आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमध्ये (त्या रात्रीच्या बॅकअप-प्रतीत) त्याचा फोल्डरच नव्हता. लॉगमध्ये एररची एकही ओळ नाही. शोध कोठून सुरू करावा?

प्रतिसाद १

शोधाच्या आधी एक काम तातडीने करा: स्क्रिप्टमध्ये फरगेट (मुदत संपलेले स्नॅपशॉट काढणारी आज्ञा) आणि प्रून (त्यांचा नको असलेला डेटा पुसणारी आज्ञा) असतील तर ते आजच बंद ठेवा. जुन्या एखाद्या स्नॅपशॉटमध्ये तो फोल्डर अजून शाबूत असू शकतो, आणि ते चालू राहिले तर तोच स्नॅपशॉट मुदत संपली म्हणून पुसला जाईल.

आता लॉगविषयी. काही फायली वाचता आल्या नाहीत तरी रेस्टिक उरलेल्या फायलींचा स्नॅपशॉट तयार करते आणि तो सेव्ह झाल्याचे सांगते. न वाचलेल्या फायलींची तक्रार मात्र स्टँडर्ड एररवर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटहून (स्टँडर्ड आउटपुटहून) वेगळ्या प्रवाहात, जाते. स्क्रिप्टमध्ये फक्त स्टँडर्ड आउटपुट फाइलकडे वळवलेले असेल, तर तक्रारी क्रॉनकडे जातात आणि क्रॉन त्या मेलने पाठवू पाहतो. सर्व्हरवर मेलची व्यवस्था नसेल, तर सिसलॉगमध्ये (सर्व्हरच्या सामाईक नोंदवहीत) ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’ (एमटीए म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्राम) अशी ओळ सापडेल, म्हणजे तक्रारी आल्या आणि टाकून दिल्या गेल्या. ती ओळ रोज रात्री २ च्या सुमारास दिसते का, ते पाहा.

‘बॅकअप पूर्ण’ या ओळीवर विसंबू नका, कारण रेस्टिकचे काय झाले हे न विचारताच स्क्रिप्ट ती लिहिते. विश्वास ठेवावा तो एक्झिट कोडवर, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो त्या आकड्यावर: ० म्हणजे सारे व्यवस्थित, १ म्हणजे स्नॅपशॉटच झाला नाही, आणि ३ म्हणजे स्नॅपशॉट झाला पण अपुरा. तुमच्याकडे बहुधा ३ येत असावा.

प्रश्नकर्ता

आपले निदान अचूक निघाले. सिसलॉगमध्ये ती ओळ जवळजवळ रोज आहे. दोन्ही प्रवाह एकाच फाइलमध्ये वळवून स्क्रिप्ट हाताने चालवली, तेव्हा कोड ३ आला. त्या फोल्डरवर ‘परमिशन डिनाइड’ आहे, आणि दुसऱ्याच एका फोल्डरमधील दोन पीडीएफवर ‘इनपुट/आउटपुट एरर’ आहे. प्रून बंद केले असून जुन्या स्नॅपशॉटमधून गहाणखत मिळाले.

प्रतिसाद २

या दोन एरर एकाच लॉगमध्ये शेजारी दिसल्या तरी त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिली परवानगीची आहे: बॅकअप ज्या खात्यातून चालतो, त्याला तो फोल्डर वाचण्याचा हक्क नाही. सगळे रूटने (सर्वाधिकारी खात्याने) चालवण्यापेक्षा रेस्टिकच्या बायनरीला (प्रोग्रामच्या फाइलला) केवळ वाचण्यापुरती कॅपेबिलिटी, म्हणजे मर्यादित अधिकार, देणे मला अधिक सुरक्षित वाटते. मात्र ती बायनरी त्या एकाच खात्याला चालवता आली पाहिजे.

दुसरी एरर गंभीर आहे, कारण ती बहुतेक वेळा डिस्ककडून येते. जर्नलमधील (सिस्टिमच्या नोंदसंग्रहातील) कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदी त्याच मिनिटाच्या पाहा. तेथे डिस्कचे नाव आणि सेक्टरचा क्रमांक यांसह आय/ओ एरर असेल, तर स्मार्टच्या (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-तपासणीच्या) अहवालात ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या भागांचा, आकडा तपासा. तो शून्याहून अधिक असेल, तर डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग न करता आधी सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. नोंदी जुळवताना एनएएसचे घड्याळ कोणत्या वेळेवर आहे तेही बघा: ते यूटीसीवर असेल, तर आपली रात्रीची २ ची नोंद तेथे आदल्या तारखेला २०:३० ला सापडेल. शिवाय /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी अस्तित्वात नसेल, तर मूळ सेटिंगमध्ये जर्नल फक्त मेमरीत राहते आणि रीबूटनंतर नाहीसे होते, म्हणून सर्व्हर बंद करण्यापूर्वी या नोंदींची प्रत काढून ठेवा.

प्रतिसाद १

यापुढच्या देखरेखीसाठी केवळ ‘एरर’ हा शब्द शोधून भागणार नाही, कारण स्क्रिप्ट चाललीच नाही तर लॉगमध्ये एररही येत नाही. शेवटचा कोड ० किती वाजता मिळाला हे दुसऱ्या एखाद्या यंत्रावर नोंदवा आणि २६ तासांत नवी नोंद आली नाही तर तेथून सूचना जाऊ द्या. रेस्टिकच्या सारांशात एकूण किती फायली पाहिल्या हा आकडा असतो. तो रोज जपून ठेवलात, तर एखादा फोल्डर गळाल्याचे दुसऱ्याच दिवशी लक्षात येईल.

रेस्टिकची साधी चेक आज्ञा रिपॉझिटरीची (सर्व स्नॅपशॉट जेथे साठतात त्या साठ्याची) रचना तपासते, साठवलेला सगळा मजकूर वाचून पाहत नाही. त्यासाठी रीड-डेटा-सबसेट हा पर्याय आहे. रोज सातपैकी एक हिस्सा क्रमाने दिला की आठवड्यात सारी रिपॉझिटरी वाचून होते. त्याचेही आउटपुट आणि कोड याच लॉगमध्ये, दोन्ही प्रवाहांसह, येऊ द्या.