टपावर स्टेपनी आणि मागे आंब्याच्या पेट्या: जमेल का?

हापूसवाला_देवगड
नमस्कार मंडळी. कलमं आमची देवगड तालुक्यात, गिऱ्हाईक सगळं पुण्याचं. पेट्या मीच गाडीत भरून नेतो. तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा, कोल्हापूर आणि पुढे हायवे. गाडीला बाहेरून सीएनजी बसवला तेव्हापासून डिकी टाकीने खाल्ली. स्टेपनी आता मागच्या सीटवर पेट्यांना खेटून उभी असते. दोन पेट्यांची जागा जातेच, वर आईचं म्हणणं की उन्हात रबर तापलं की आंब्याला वास लागतो. (लागतो की नाही देव जाणे, पण गिऱ्हाइकाने पेटी उघडल्यावर नाक मुरडलं तर ऐकून मलाच घ्यायचंय.)

कॅरिअर बसवून स्टेपनी टपावर टाकावी म्हणतोय. पंधरा इंची लोखंडी रिम आहे. येताना कोल्हापुरातून दोन नवे टायरही आणायचेत, नुसते, रिमशिवाय. कुणी असं नेतं का? घाटात गाडी डोलते का?

पक्कड_पाना
टायर ट्यूबलेस असतील तर पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप ठेवा, स्टेपनी घरी. डोक्याला ताप नको.

मालवण_टुरिस्ट
पक्कडभाऊ, खिळा घुसला तर किट ठीक. पण आमच्याकडे रस्त्याची कड सोडली की जांभ्याचे कोपरे वर आलेले असतात. त्यावर टायर घासला की साईडला कट बसतो, आणि साईडचा कट किटने बुजत नाही, बुजवूही नये. स्टेपनी हवीच.

हापूसवाले दादा, माझी गाडी पर्यटकांची. सामान आत मावलं नाही की स्टेपनी टपावर जाते, त्यामुळे सांगतो.

आधी गाडीचं माहितीपुस्तक काढा. टपावर किती भार चालतो ते त्यात लिहिलेलं असतं, बहुतेक गाड्यांना पन्नास ते पंचाहत्तर किलो. त्या आकड्यात कॅरिअरचं वजनही धरायचं, हे दुकानदार सांगत नाही. मोठं लोखंडी जाळीचं कॅरिअर स्वतःच बराच आकडा खातं. तुम्हाला दोन आडव्या दांड्या पुरे, त्याही अॅल्युमिनियमच्या. लोखंडी घेतल्यात तर खाऱ्या हवेत नट असे धरतात की सोडवायला छिन्नी लागते. पंधरा इंची चाक टायरसकट सोळा-अठरा किलो, म्हणजे भाराचा प्रश्न येत नाही.

प्रश्न येतो बांधण्याचा. बरेच जण टायरवरून दोरी टाकतात आणि आवळतात. टायर दबतो, दोरी घट्ट वाटते. घाटात दहा-वीस वळणं झाली की रबर बसतं आणि दोरी सैल. म्हणून पट्टा रिमच्या भोकांतून ओवायचा आणि सरळ दांडीला घ्यायचा. पट्ट्याने रिमचं लोखंड धरलं पाहिजे, रबर नाही. भोकांच्या कडा धारदार असतात, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर पट्टा कातरला जातो. दोन पट्टे फुलीसारखे, आणि तिसरा रिममधून पुढच्या दांडीला. ब्रेक जोरात दाबला की चाक पुढेच जायला बघतं, नुसत्या वजनाने ते जागेवर राहत नाही.

चाक आडवंच ठेवा, उभं केलंत तर हायवेला वारा धरतं. पोकळ बाजू खाली आणि तोंड, म्हणजे गाडीला लावल्यावर बाहेर दिसते ती बाजू, वर. तोंडाच्या बाजूला व्हॉल्व असतो, म्हणजे न सोडता वरूनच हवा बघता येते. हवा पहाटे निघतानाच बघा, उन्हात तापल्यावर गेज जास्तच दाखवतो. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्याने तो पुण्यापर्यंत गुणगुणत बसेल. नायलॉनची दोरी नको, ताणली जाते. रॅचेटचा, म्हणजे खटक्याने आवळायचा पट्टा घ्या, आणि मोसम संपला की त्याचं लोखंड गोड्या पाण्याने धुऊन तेल लावून ठेवा.

डोलण्याचं म्हणाल तर एका चाकाने गाडी डोलत नाही. तुमची डोलेल ती मागच्या भाराने. सीएनजी टाकीचं लोखंडच पन्नास किलोंच्या पुढे, त्यावर पेट्या. एकूण भाराचा हिशोब करा, मागच्या टायरांत पुस्तकातली भरल्या गाडीची हवा भरा आणि करूळ उतरताना गिअर खालचा ठेवा.

फणसाखाली
ता सगळा बरोबर, पण वाडयेतल्या फणसाचा काय करतलास? पाणंदीत फांदी खाली असता. चाक वर टाकल्यार गाडीची उंची वाढता, ता इसरा नको.

हापूसवाला_देवगड
मालवणकर, मनापासून आभार. पुस्तक काढलं, साठ किलो लिहिलंय. मग वाटलं, चाकाऐवजी दोन पेट्याच टपावर टाकल्या तर? आणि नव्या टायरांचं कसं?

मालवण_टुरिस्ट
पेट्या अजिबात नको. एप्रिलच्या उन्हात टप हात लावू देत नाही, पुण्यात पोचेपर्यंत वरच्या थरातला आंबा भाजून निघेल. चाकाला ऊन चालतं, तरी रिकाम्या दिवसांत टपावर ठेवू नका. उन्हाने रबराला बारीक भेगा पडतात.

नवे टायर हलके, पण मऊ. एकावर एक ठेवून पट्टा मधल्या भोकातून घ्या, आणि गगनबावड्याला चहाला थांबाल तेव्हा पुन्हा आवळा, हमखास सैल झालेला असतो. मे महिन्यात वळवाची सर आली तर आत पाणी साठतं, घरी गेल्यावर ओतून टाका. घेताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 1224 असेल तर 2024 सालच्या बाराव्या आठवड्यातला. स्वस्तात जुना माल गळ्यात मारतात.

आणि अठरा किलो टपावरून एकट्याने उतरवायचा सराव अंगणात एकदा करून बघा. ते जमत नसेल तर चाक आतच राहू दे, पोत्यात गुंडाळून. आईचीही तक्रार मिटेल.