इंदूर: पगार न कापता लहान अतिथिगृह कसे चालवावे? मदत हवी आहे

रामबाग_निवासी
नमस्कार. आमचे लहान अतिथिगृह आहे. सफाई व स्वयंपाक करणाऱ्या बायकांना आम्ही पगारी साप्ताहिक सुटी आणि आठ तासांवरील कामाचा मोबदला देतो. उज्जैनचे यात्रेकरू आणणाऱ्या टॅक्सीचालकांना मात्र कमिशन देत नाही, कारण ते शेवटी यात्रेकरूच्याच खिशातून जाते. त्यामुळे गाड्या शेजारच्या लॉजकडे वळतात, जिथे रोजंदारीवर माणसे ठेवून भाडे उतरवले आहे. तग कसा धरावा? कृपया लवकर सांगा.

हिशेबनीस
खोल्या किती, भाडे किती, जीएसटी नोंदणी आहे का?

रामबाग_निवासी
नऊ खोल्या, भाडे दोन हजार, नोंदणी आहे. निम्म्याहून अधिक बुकिंग एका संस्थळावरून येते, त्यावर वीस टक्के कमिशन जाते. पण माझा प्रश्न पगाराचा आहे.

हिशेबनीस
पगाराचे पैसे तिथेच गळत आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 12 ऐवजी 5 टक्के कर आहे, पण इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय, बंद झाले. चारशे रुपये कमिशनवरचा 18 टक्के कर, म्हणजे 72 रुपये, पूर्वी वळता करता येत असे. आता तो तुमच्याच अंगावर पडतो. थेट येणाऱ्याला दीडशे रुपये सूट दिली तरी तुमचे तीनशेहून अधिक वाचतात.

बडोदेकर
सूट देणे मला पटत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या बंद करून खोलीत तांब्या-भांडे ठेवा. लोक अशा जागेला जास्त पैसे देतात.

माळवी_पाहुणा
यात्रेकरू कुटुंब तांब्यासाठी जास्त पैसे देत नाही. उज्जैनच्या महाकाल मंदिरात पहाटेच्या भस्म आरतीला जाणाऱ्यांना मध्यरात्री गरम चहा आणि वेळेवर उघडलेले दार हवे असते. ती सोय शेजारच्या लॉजमध्ये नसेल, तर तीच ठळकपणे सांगा.

रामबाग_निवासी
मग रात्रीची पाळी कोणी करायची? दिवसभर राबलेल्या बाईला मी रात्री एक वाजता उठवणार नाही.

माळवी_पाहुणा
वेगळा माणूस ठेवा आणि त्याचा खर्च त्या सेवेच्या दरातच उघडपणे धरा.

सिंहस्थ२०२८
उज्जैनचा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला आहे, कर्ज काढून मजला वाढवा.

रामबाग_निवासी
मजला वाढवायचा नाही. आहे त्यांचेच पगार सांभाळायचे आहेत. हिशेबनीस, संस्थळाच्या करारात सर्वत्र समान दर ठेवण्याची अट आहे. थेट सूट कशी द्यावी?

हिशेबनीस
हे आधी सांगायला हवे होते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये एका मोठ्या पर्यटन संस्थळाला अशाच अटी काढायला सांगितले होते. तुमच्या करारातील अट जशीच्या तशी इथे द्या. ती फक्त इतर संस्थळांवरील दरांपुरती आहे की तुमच्या स्वतःच्या दूरध्वनी बुकिंगलाही लागू आहे, ते पाहावे लागेल.